सल्ला हवा: लिलावातली जुनी सुतारी हत्यारं, बजेट १२,०००

बंदरकाठ (सोमवार, रात्री ९:१०)
नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ होड्या बांधणारा एक कारखाना बंद पडलाय, त्याच्या सामानाचा लिलाव येत्या गुरुवारी आहे. माल बघायची मुभा बुधवारी १० ते ४. मी देवगडकडून जाणार.

काम असं आहे: घरचा फणस कापून फळ्या दोन वर्षं सुकवल्यात. त्यातून दोन दारं आणि चार खिडक्यांच्या झडपा करायच्या आहेत. माझ्याकडे करवत, गुण्या, मारतूल आणि दोन पटाश्या आहेत. बजेट १२,०००, गाडीभाडं धरून. त्यावर एक रुपया नाही.

लॉट ३: लोखंडी रंधे २ (एक ४ नंबर मापाचा, दुसरा ५ असावा), पटाश्या ११, बाकाचा शिकंजा १
लॉट ५: लांब क्लँप ६
लॉट ७: १२ इंची थिकनेसर (फळ्या एकसारख्या जाडीच्या रंधणारं यंत्र), ३ एचपी, थ्री फेज
लॉट ९: लाकडी रंधे आणि किरकोळ सामान, एक पेटी

अटी: 'जसे आहे, जेथे आहे', अनामत १,०००, जीएसटी १८ टक्के वेगळा, माल ७ दिवसांत उचलायचा. मनात लॉट ३ आहे. कितीपर्यंत जावं आणि बघताना काय तपासावं?

जहाजफोड (रात्री ९:३४)
रत्नागिरीत वेळ घालवू नका, थेट गुजरातेत अलंगला जा. जहाजं फुटतात तिथे रस्त्याच्या कडेला ओळीने दुकानं आहेत. जहाजावरच्या सुताराची अख्खी पेटी मिळते, त्यात इंग्लंडातल्या शेफील्डच्या पटाश्या असतात. माझे सगळे क्लँप तिथलेच आहेत, असा माल कोकणात बघायला मिळणार नाही.

सांधेजोड (रात्री ९:५२)
देवगडहून भावनगर जिल्ह्यात जाऊन यायचं म्हणजे निम्मं बजेट प्रवासातच गेलं. जवळचं हवं तर मुंबईचा चोरबाजार, शुक्रवारी पहाटे. नाहीतर पुण्याचा जुना बाजार, बुधवार आणि रविवार. तिथे लॉट नसतो, एकेक नग हातात घेऊन घासाघीस करता येते. सरकारी ई-लिलावांच्या नादी लागू नका. एमएसटीसीवर आधी नोंदणी करावी लागते, आणि लॉट बहुतेक टनावारी असतात.

बिडाचा_आवाज (रात्री १०:२०)
मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. जाताना टॉर्च, एक फुटी स्टीलची पट्टी, बारीक कानस, रुंद पात्याचा स्क्रू-ड्रायव्हर आणि डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं न्या.

रंधा. आधी पातं आणि त्यावरची पट्टी काढून बाजूला ठेवा. रिकामं बीड, म्हणजे ओतीव लोखंडाचा सांगाडा, दोन बोटांवर तोलून लाकडी मुठीने हलकंच वाजवा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे. चीर बहुधा ठरलेल्या जागी येते: तोंडाचे (पातं बाहेर येतं त्या फटीचे) दोन कोपरे आणि तिथून बाजूच्या भिंतीत वर चढणारी रेघ. ती गंजात झाकलेली असते, म्हणून तेवढा भाग डिझेलने पुसून मगच बघा. वेल्डिंग केलेलं बीड नको, तळ सरळ राहत नाही.

तळ स्टीलच्या पट्टीवर धरून मागून टॉर्च मारा. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची कडा आणि मागचं टोक या तीन जागा टेकल्या पाहिजेत. मध्ये केसभर उजेड दिसला तरी बिघडत नाही. पण तोंडापुढची कडाच उचललेली असेल तर फणसाचे रेषे उपसणार, कारण त्यांची दिशा आलटून-पालटून फिरते आणि ढलपी उचलताना तिथेच दाब लागतो.

पातं. खाचेपासून धारेपर्यंत किमान एक इंच पोलाद शिल्लक हवं. धारेजवळ निळसर झाक म्हणजे एमरीच्या चाकावर पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरवलेलं. शंका आली तर विचारून कोपऱ्यावर कानस टेकवा. पाणी असेल तर ती सरकते, उतरलं असेल तर चावते. पात्याच्या पाठीला धारेपासून अर्ध्या इंचात गंजाचे खड्डे असतील तर ते पातं धरू नका, कारण खड्डा धारेवर आला की तिथे दात पडतो. तळावरचे खड्डे मात्र चालतात, उगाच घाबरू नका.

आणि लिव्हर कॅपचा (पातं दाबून धरणाऱ्या झाकणाचा) स्क्रू जागेवर आहे ना बघा. स्टॅन्ले कंपनीच्या रंध्याला तो ९/३२ इंच, २४ आट्यांचा लागतो. हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही बोल्ट तिथे बसत नाही, आणि बळंच घुसवला की बिडातले आटे जातात.

घाटावरचा (रात्री १०:४१)
लॉट ७ सोडू नका! थिकनेसर मिळतोय आणि तुम्ही हातरंध्यावर अडलात? दोन दारांची रंधाई हाताने करायला पंधरवडा जाईल. व्हीएफडी (एका फेजचे तीन करणारं उपकरण) लावा, सिंगल फेजवर तीन फेजची मोटार फिरते.

आंबोळी (रात्री १०:५५)
तां मशीन घेव नको. घरात सिंगल फेज आसा मां? मगे ३ एचपीची मोटार खंय फिरवतलंस? वायरिंग जळात.

घाटावरचा (रात्री ११:०२)
जळत नाही. नीट लावली तर फिरते.

बिडाचा_आवाज (रात्री ११:१५)
दोघांचंही अर्धं बरोबर. एका फेजवर चालणारा व्हीएफडी २३० व्होल्टच तीन फेज देतो. त्यामुळे मोटारीच्या प्लेटवर '२३०/४१५, डेल्टा/स्टार' असं असेल तर डब्यातल्या पट्ट्या डेल्टात फिरवून ती पूर्ण ताकदीने चालते. नुसतं ४१५ लिहिलेली मोटार दमत राहील. ३ एचपीला त्या बाजूने वीसेक अँपिअर ओढ येते, म्हणजे घरचा १६ अँपिअरचा प्लग पुरत नाही. मेन बोर्डावरून वेगळी वायर हवी आणि मंजूर भारही बघावा लागतो. यंत्र फुकट मिळालं तरी १२,००० मध्ये हे सगळं बसत नाही.

खारा_वारा (मंगळवार, सकाळी ७:४०)
होडी-कारखाना म्हणजे खारी हवा आणि जमिनीवर भुसा. भुश्यात पडलेलं हत्यार वरून बरं दिसतं, पण खालच्या बाजूने खाल्लेलं असतं, भुसा ओल आणि मीठ दोन्ही धरून ठेवतो. प्रत्येक नग उलटा करून बघा.

गंज काढायला लिंबूसत्त्व: एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम. भाग पूर्ण बुडवा, दर तासाने ब्रशने घासून बघा. रात्रभर ठेवू नका, पोलाद करडं पडतं आणि धार खाल्ली जाते. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, त्यावर कढत पाणी, म्हणजे आपल्या उष्णतेने लगेच सुकतं, आणि गरम असतानाच तेल. पावसाळ्यात या शेवटच्या दोन पायऱ्यांत पाच मिनिटं उशीर झाला तरी तांबूस थर परत चढतो.

नारळीपाक (सकाळी ८:०५)
तेल म्हणजे खोबरेल. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच लावतात.

खारा_वारा (सकाळी ८:२०)
रोज वापरात असलेल्या हत्याराला चालेल. महिनोन्‌महिने पेटीत पडून राहणाऱ्याला नको, खोबरेल खवट झालं की त्यात आम्ल वाढतं आणि ते लोखंडालाच लागतं. शिलाई मशीनचं तेल घ्या. अळशीचं तर मुळीच नको, ते सुकून रोगणासारखं घट्ट होतं आणि रंध्याचा स्क्रू फिरत नाही.

नारळीपाक (सकाळी ८:३१)
उंडीचं तेल? होड्यांना लावायचे ते.

खारा_वारा (सकाळी ८:४४)
होडीच्या लाकडाला उत्तम. लोखंडावर चिकट थर धरतं. आणि त्या कारखान्यातल्या मुठींना काजूच्या टरफलाचं तेल लावलेलं असू शकतं, वाळवी लागू नये म्हणून लावतात. काळपट, चिकचिकीत मूठ उघड्या हाताने खरवडू नका, कातडी भाजते.

इलेक्ट्रिक_सुतार (सकाळी ९:१२)
लिंबूसत्त्वापेक्षा बॅटरी चार्जर बरा. १२ व्होल्ट, चार-पाच लिटर पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, हत्यार उणेला, लोखंडाचा टाकाऊ तुकडा अधिकला. उलटं जोडलंत तर हत्यारच विरघळेल. अधिकच्या बाजूला स्टेनलेस अजिबात नको, क्रोमियमचं विषारी पाणी होतं. आणि हे अंगणातच करा, हायड्रोजन सुटतो.

तोलकाटा (सकाळी १०:३०)
किती बोलावं यावर कोणीच नीट आकडा दिला नाही. टेम्पोत जागा घेतलीत तर १,५०० धरा. उरले १०,५००, त्यात जीएसटी. म्हणजे बोली ८,८०० च्या वर नको: ८,८०० अधिक १,५८४ म्हणजे १०,३८४, टेम्पोसह ११,८८४. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा आणि त्या पुढे हात वर करू नका.

समोर कोण असतं ते समजून घ्या. भंगारवाला वजनावर बोलतो: ४ नंबरचा रंधा साधारण १.७ किलो, ५ नंबर २.२ किलो, शिकंजा धरून पूर्ण लॉटचं वजन गुणिले त्या दिवशीचा बिडाचा भाव. तो तिथे थांबतो. थांबला नाही तर समोर जुन्या हत्यारांचा व्यापारी आहे, आणि त्याला पुढचं गिऱ्हाईक माहीत असतं. त्याच्याशी चढाओढ केलीत तर स्वस्त काही उरत नाही.

सांधेजोड (सकाळी १०:५५)
जीएसटी वेगळा आहे हे विसरू नका.

पाचर (दुपारी १:१८)
लॉट ९ कडे कोणी बघतच नाही. लाकडी रंध्याला गंज येत नाही, पातं मात्र जाड असतं आणि थरथरत नाही. बघायचं एवढंच: पातं धरणारी पाचर दोन्ही गालांत (बाजूच्या भिंतींत) एकसारखी बसते का, आणि पाचरीच्या खोबणीच्या मुळाशी गाल फाटलाय का. तोंड झिजून रुंद झालेलं असेल तर तोंडापुढे कठीण लाकडाचा तुकडा खाचेत बसवून चिकटवता येतो, अर्ध्या दिवसाचं काम. कोकणात मात्र पावसात ठोकळा फुगतो, पाचर अडकते, म्हणून जूनमध्ये ढिली करून ठेवायची.

बिडाचा_आवाज (दुपारी २:०३)
पाचर यांचं बरोबर आहे, पण फणसाला जाड पात्यापेक्षा वरची पट्टी महत्त्वाची. ती धारेपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणून बसवली की उलट्या रेषेतही उपसत नाही. पुष्कळ जुन्या लाकडी रंध्यांना ती पट्टीच नसते. बघून घ्या.

पटाश्यांचं राहिलं होतं. 'कास्ट स्टील' असा छाप दिसला तर बीड समजून बाजूला टाकू नका. ते मुशीत वितळवून केलेलं पोलाद, शेफील्डला १७४० च्या दशकात सुरू झालेली पद्धत. अशी पटाशी उतारावर, म्हणजे धारेच्या तिरप्या बाजूवर, घासलीत तर दोन रंग दिसू शकतात: धारेकडे उजळ, कठीण पोलादाचा पातळ थर, त्याच्या पाठीशी मऊ, करडं लोखंड. रेघ स्पष्ट दिसली की ती पटाशी वेगळी काढा. अकरापैकी अशा तीन निघाल्या तरी लॉट ३ चे पैसे वसूल.

शिकंजा झटकन सुटणारा असेल तर लाकडाचा तुकडा घट्ट आवळा आणि जबडा हिसका देऊन ओढा. आतला 'अर्धा नट' (आट्याला एकाच बाजूने धरणारा) झिजलेला असेल तर आटा सटकतो. रिकाम्या हाताने फिरवून हे कळत नाही.

जहाजफोड (दुपारी २:४०)
अलंगला शिकंजे ढिगाने असतात.

बंदरकाठ (बुधवार, संध्याकाळी ६:१५)
बघून आलो. लॉट ३: ४ नंबरच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून वर जाणारी रेघ, डिझेलने पुसल्यावर दिसली. वाजवला तर बद्द. ५ नंबर रेकॉर्ड कंपनीचा, खणखणीत, पातं सव्वा इंच शिल्लक. पटाश्यांत दोन रंगांच्या चार. शिकंजा सटकतो. लॉट ९ मधल्या एकाही रंध्याला वरची पट्टी नाही.

तोलकाटा (संध्याकाळी ६:४०)
मग एक रंधा आणि चार पटाश्या एवढ्याचेच पैसे धरा, ६,००० च्या वर नको. पण घ्या.

बिडाचा_आवाज (संध्याकाळी ७:०५)
६,००० ठीक. लॉट ३ च.

सांधेजोड (संध्याकाळी ७:२२)
लॉट ३.

बंदरकाठ (गुरुवार, रात्री ८:३०)
लॉट ३ वर बोलीच लावली नाही. काल परत येताना दाराचा हिशेब केला. चौकट चिकटवायची तर तीन फुटी रुंदीवर दर दाराला चार क्लँप लागतात, दोन खालून आणि दोन वरून, नाहीतर दार एका बाजूला वाकतं. माझ्याकडे एकही नाही आणि इथे कोणी त्यावर बोललंच नाही. लॉट ५ मधले सहाही चार फुटी आहेत. पट्ट्या सरळ, सरकत्या जबड्यांच्या खिळ्या हरवलेल्या, पण त्या सळी कापून होतात.

भंगारवाल्यांशिवाय त्याच्यामागे कोणी नव्हतं. ३,८०० ला मिळाला, जीएसटी ६८४, एकूण ४,४८४. एसटीच्या टपावर बांधून आणले, भाडं वेगळं. उरलेल्यात नवा देशी ५ नंबर रंधा आणि दोन पटाश्या घेतो. लॉट ३ साडेअकरा हजारांना गेला.

एक अडचण: सहापैकी एका क्लँपचा स्क्रू वाकलाय. तापवून सरळ करू की थंडच?

बिडाचा_आवाज (रात्री ९:०२)
चांगला घेतलात. थंडच करा, तो मऊ पोलादाचा असतो. स्क्रू बाहेर काढून काचेवर लोळवा, सर्वांत उंच येणाऱ्या जागेवर खडूने खूण करा. तिथे दोन्ही बाजूंना एकेक नट चढवा म्हणजे आटे चेंगरणार नाहीत. शिकंज्यात सागाच्या दोन तुकड्यांमध्ये धरा आणि टोकाला पाइप घालून हळूहळू दाबा. हातोडा नको. दर वेळी थोडं दाबायचं, काढून पुन्हा काचेवर लोळवायचं. नट शेवटपर्यंत हाताने फिरला की थांबा.