मदत हवी आहे: कॉन्फरन्समध्ये अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कशी करायची?

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे, पंपाची बीडाची कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, करतो. मागच्या वर्षी पुण्याला पहिल्यांदा फाउंड्रीवाल्यांच्या कॉन्फरन्सला गेलो. दोन दिवस काय केलं? चहाच्या काउंटरपाशी आपल्याच कोल्हापूरकरांत उभा राहून पांढऱ्या रश्श्यावर गप्पा हाणल्या! त्यांना तर रोज उद्यमनगरात भेटतोच की.

येताना खिशात चाळीसेक कार्डं होती. घरी टेबलावर मांडली तर पाच-सहा सोडून एकाचाही चेहरा आठवेना. आता कार्ड घेतलं की मागे लगेच पेनानं लिहायचं ठरवलंय, 'कोअरचा प्रॉब्लेम, उंच, चष्मा' असं काहीतरी (कोअर म्हणजे साच्यातला वाळूचा गाभा).

यंदा परत निघालोय. मोठ्या कंपनीचे परचेसवाले घोळक्यात असतात, तिथं मध्येच घुसायचं कसं? स्पीकरला भाषणानंतर गाठावं की आधी? दोन किलोचं सॅम्पल कास्टिंग पिशवीतून न्यावं, की मोबाईलवरचे फोटो पुरे? (बायको म्हणते, बीड घेऊन फिरलात तर लोक लांबच पळतील.) आणि नंतर व्हॉट्सअॅप किती दिवसांनी करावं, म्हणजे गळ्यात पडल्यासारखं वाटणार नाही?

ज्यांना अशा ओळखीतून खरंच ऑर्डर मिळाली, त्यांनी जरा सविस्तर सांगा.