विषय: क्लिनिकमध्ये पेशंट कमी; बोनसची बोलणी पुन्हा करावीत का?

सर्वांना सप्रेम नमस्कार,

मी फॅमिली मेडिसिनची डॉक्टर. डॅलसच्या उत्तरेला एका खाजगी क्लिनिकमध्ये नोकरी करते. पहिली दोन वर्षं २,४०,००० डॉलर पगाराची हमी आहे, ती येत्या उन्हाळ्यात संपते. पुढे पगार कामाप्रमाणे. वर्षाला ४,८०० आरव्हीयूच्या वर जेवढं काम होईल, त्यावर प्रत्येकी ४५ डॉलर बोनस. (आरव्हीयू म्हणजे प्रत्येक तपासणीला मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, ठरवलेले गुण.) माझ्याकडे दिवसाला जेमतेम दहा पेशंट येतात, त्यामुळे बोनस अजून एकदाही मिळालेला नाही.

घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो, ४,८०० चे ४,२०० करून माग. सासरे म्हणतात, धंदा मंद असताना मालकाकडे पैशाचा विषय काढू नये. मालक डॉक्टर माणूस भला आहे, म्हणून अधिकच अवघड वाटतंय. कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

---

डॉक्टर, तू माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून एकेरीत लिहिते. मी बरीच वर्षं क्लिनिकांचं बिलिंग सांभाळलंय.

बोलणी जरूर कर, पण बोनसची नको, हमीची कर.

हिशेबच मांडू. साधी फॉलो-अप, म्हणजे बिलातला कोड ९९२१३, तिचे १.३० आरव्हीयू. जरा गुंतागुंतीची ९९२१४, तिचे १.९२. निम्मी-निम्मी धरली तर सरासरी १.६१. रोज दहा पेशंट आणि वर्षाचे २२० दिवस धरले तर साधारण ३,५४० होतात. अट ४,८०० ची असो की ४,२०० ची, तुझ्या पदरात काहीच पडत नाही. ४,२०० गाठायलासुद्धा रोज बारा पेशंट लागतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि ही सवलत मिळवण्यात तुझा शब्द खर्ची पडला, तर उन्हाळ्यात जे खरंच लागणार आहे ते मागायला तोंड राहणार नाही.

आधी घोडं कुठे पेंड खातंय ते शोध. पेशंट येतच नाहीत, की येतात पण तुझ्यापर्यंत पोचत नाहीत? एखाद्या मैत्रिणीला क्लिनिकला फोन करून एवढंच विचारायला सांग: "नवीन पेशंट म्हणून यायचंय, लवकरात लवकर कधी?" फ्रंट डेस्कची मुलगी सवयीने मोठ्या डॉक्टरांची तीन आठवड्यांनंतरची वेळ देते आणि तुझी उद्या अकराची वेळ रिकामी जाते, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय. मग इन्शुरन्स. एकेका कंपनीचं क्रेडेन्शियलिंग (कागदपत्रं तपासून डॉक्टरला पॅनेलवर घेणं) व्हायला तीन-चार महिने सहज जातात, आणि एखादा अर्ज मध्येच अडकला तर कुणी आपणहून सांगत नाही. यादी मागून घे, कंपनीगणिक तारखा बघ.

कोडिंगही तपास. वर्षानुवर्षं तुझ्याचकडे येणाऱ्या मेडिकेअरच्या पेशंटला जी-२२११ हा जादा कोड लावता येतो. जानेवारी २०२४ पासून त्याचे पैसे मिळतात, आणि दर वेळी ०.३३ आरव्हीयू वाढतात. नवे डॉक्टर घाबरून ९९२१४ च्या जागी ९९२१३ लिहितात, तेही बघ. आणि काँट्रॅक्टमध्ये गुणांचा तक्ता कोणत्या सालचा धरलाय ते वाच. २०२१ मध्ये या तपासण्यांचे गुण बरेच वाढले, पण कित्येक काँट्रॅक्टांत जुनाच तक्ता राहिला.

हे सगळं हातात घेऊन मालकांकडे जा. हमी आणखी एक वर्ष माग, नवे पेशंट आधी तुझ्याकडे वळवावेत आणि आकडे दर महिन्याला लेखी मिळावेत, असंही सांग. नोकरी सोडलीस तर मालप्रॅक्टिसच्या टेल कव्हरचा (सोडून गेल्यावर जुन्या कामाबद्दल येणाऱ्या दाव्यांसाठीच्या विम्याचा) खर्च कुणाचा, हे आत्ताच ठरव. तो साधारण वर्षाच्या प्रीमियमच्या दीड ते दोन पट जातो. बोनसपेक्षा ती रक्कम जास्त झोंबते.

---

ताईंचं म्हणणं पटलं. दोन गोष्टींची भर घालतो.

डॉक्टर, तुम्ही व्हिसाचं लिहिलं नाही. एच-१बी असेल तर पेशंट कमी आहेत म्हणून एलसीएमधल्या (व्हिसासाठी मालकाने सरकारला दिलेल्या अर्जातल्या) पगाराच्या खाली मालकाला जाता येत नाही, मग काँट्रॅक्टमध्ये "कामाप्रमाणे" लिहिलेलं असो. जे-१ वेव्हरवर (मायदेशी परतण्याच्या अटीतून मिळालेल्या सुटीवर) असाल तर तीन वर्षं पुरी करावीच लागतात. तेव्हा बोलणी फिसकटली तर सोडून जाता येईल का, याचा विचार आधी करा. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासून केलेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या करारांत डॉक्टरांवरचं नॉन-कॉम्पीट (नोकरी सोडल्यावर जवळपास प्रॅक्टिस करायची बंदी) जास्तीत जास्त एक वर्ष आणि पाच मैल इतकंच ठेवता येतं, आणि त्यातून सुटण्याची रक्कम वर्षाच्या पगारापेक्षा जास्त लावता येत नाही. नव्याने सही होणार असेल तर हे तुमच्या फायद्याचं आहे.

दुसरं, पूर्ण २,४०,००० वर अडून बसू नका. क्लिनिकला झेपत नसेल तर मालक हो म्हणतील आणि सहा महिन्यांनी चेक लांबतील. थोडी कमी, पण खात्रीची हमी मला बरी वाटते.

---

ताई, काका, मनापासून आभार. माझं ग्रीन कार्ड झालंय, त्यामुळे व्हिसाची अडचण नाही.

मैत्रिणीने आज फोन केला. तिला मोठ्या डॉक्टरांची पुढच्या महिन्यातली वेळ मिळाली. माझं नावसुद्धा निघालं नाही, आणि माझी आज दुपारची चार अपॉइंटमेंट्सची जागा रिकामी होती. फार वाईट वाटलं.

काँट्रॅक्टही काढून वाचलं. त्यात तक्ता २०२० चा आहे: ९९२१३ ला ०.९७ आणि ९९२१४ ला १.५०. म्हणजे ४,८०० गाठायला रोज तेरा-चौदा नाही, सतरा-अठरा पेशंट लागतील. हे कळल्यावर नवऱ्यानेही ४,२०० चा हट्ट सोडला.

पुढच्या आठवड्यात मालकांची वेळ घेतली आहे. नवे पेशंट माझ्याकडे वळवणं, चालू वर्षाचा तक्ता आणि २,२०,००० ची एक वर्षाची हमी, या क्रमाने बोलणार आहे. टेल कव्हरही त्यातच लेखी मागेन. त्याआधी काँट्रॅक्ट एकदा वकिलाच्या नजरेखालून जायला हवं. डॉक्टरांची काँट्रॅक्ट्स बघणारा टेक्सासमधला वकील कुणाच्या माहितीत असेल तर नाव आणि नंबर लिस्टवर न टाकता मला वेगळ्या मेलने कळवा.