ल्युपस बायकांनाच जास्त का?

तुम्ही विचारलंत, ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार, त्याच्या दहा रुग्णांत साधारण नऊ बायका का? सगळं हार्मोन्सवर ढकलणं मला पटत नाही. टीएलआर-७ हे पेशीतलं पहारेकरी प्रथिन विषाणूंचा आरएनए ओळखतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि बायकांत एक्स दोन असल्याने त्यांच्या काही रोगप्रतिकारक पेशींत त्याच्या दोन्ही प्रती चालू राहतात.

२०२२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात स्पेनच्या एका मुलीची केस आली. सातव्या वर्षी ल्युपसचं निदान, आणि या जनुकात फक्त एका अक्षराचा बदल! त्यामुळे पहारेकरी ग्वानोसिनला (आरएनएच्या एका घटकाला) वाजवीपेक्षा जास्त भडकू लागला, आणि ग्वानोसिन तर आपल्या शरीरातही असतंच. तोच बदल केलेल्या उंदरांनाही ल्युपससारखा आजार झाला.

हा बदल दुर्मीळ आहे, पण इतर अनेक रुग्णांतही आजाराची वाट बहुधा तीच. ल्युपसवरचं औषध हायड्रॉक्सीक्लोरोक्विन याच पहारेकऱ्याला आवरतं, म्हणून बरं वाटलं तरी मनाने गोळ्या थांबवू नका.