शब्दचर्चा: भास, भ्रम आणि मनोरुग्णालयातला भयपट

प्रश्न: बंद पडलेल्या मनोरुग्णालयात घडणाऱ्या ‘सेशन ९’ (२००१) या चित्रपटाच्या मराठी सबटायटल्समध्ये काही शब्द अडले आहेत. सायकॉलॉजिकल हॉररला ‘मानसिक भयपट’ म्हणावं का? त्यात डॉक्टरच्या जुन्या टेपवर मेरी या रुग्णेच्या तोंडून वेगवेगळी माणसं बोलतात, तर तिला ‘छिन्नमनस्क’ म्हणता येईल का? भास आणि भ्रम यांत फरक काय? आणि हॉस्पिटलला काय म्हणावं?

उत्तर १: ‘मानसिक’ हे विशेषण आपण त्रास, छळ, आजार यांना लावतो, त्यामुळे ‘मानसिक भयपट’ कानाला खटकतो. ‘मनोवैज्ञानिक’ हिंदीच्या वळणाचा आहे. ‘मानसशास्त्रीय भयपट’ लांब असला तरी अर्थ चोख देतो.

‘छिन्नमनस्क’ मात्र अजिबात नको. छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया. ‘छिन्न’ या शब्दामुळे एका माणसात दोन माणसं असा समज होतो, पण त्या आजारात तसं नसतं. नसलेले आवाज ऐकू येणं, कुणीतरी मागावर आहे असं ठाम वाटणं, विचारांची साखळी तुटणं ही त्याची लक्षणं. मेरीचं दुखणं वेगळं आहे. तिच्यासाठी ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ रूढ असलं तरी दुभंग म्हणजे दोन तुकडे, आणि इथे मेरीखेरीज प्रिन्सेस, बिली आणि सायमन असे तिघं आहेत. म्हणून ‘बहुव्यक्तिमत्त्व’.

उत्तर २: भास, भ्रम यांचा घोळ जुना आहे. दोरीला साप समजणं याला वेदान्तात भ्रम म्हणतात. मानसोपचाराच्या मराठीत मात्र तोच शब्द डेल्यूजनसाठीही वापरतात. वाटणी अशी करावी: तिथे काहीच नसताना दिसलं किंवा ऐकू आलं तर भास. दोरी आहे, पण साप दिसला तर आभास. पुरावा दाखवूनही न हलणारी चुकीची खात्री म्हणजे भ्रम. या जातीचे चित्रपट याच तिघांच्या सीमेवर चालतात. ओल्या कॉरिडॉरमधला आवाज भास आहे की आभास, हे अनुवादकाने आधीच ठरवून टाकलं तर प्रसंगातली भीती संपते. पात्राला ‘आवाज आला’ एवढंच म्हणू द्यावं.

उत्तर ३: हॉस्पिटल म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं डॅनव्हर्स. ते १८७८ साली सुरू झालं, १९९२ साली बंद पडलं, आणि चित्रीकरण त्याच रिकाम्या इमारतीत झालं. मूळ नावातच ‘लुनॅटिक’ होतं, तेव्हा जुन्या पाटीवर ‘वेड्यांचे सरकारी इस्पितळ’ शोभेल. डॉक्टरच्या टेपवर ‘मनोरुग्णालय’. अ‍ॅसबेस्टॉस काढायला आलेले कामगार आपसात बोलतात तिथे ‘वेड्यांचं इस्पितळ’च हवं. आपल्याकडेही सरकारी पाटीवर ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ असतं आणि बोलताना लोक सर्रास ‘याला येरवड्याला न्या’, ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतात. हे बोलणं रुग्णांना लागतं, म्हणून निवेदनात नको, पण पात्राच्या तोंडचं पुसूही नये.

लोबोटॉमी या मनोरुग्णांच्या मेंदूवरच्या जुन्या शस्त्रक्रियेसाठी ‘मेंदूचा तुकडा काढणे’ असं लिहिलेलं आढळतं, ते चूक. अमेरिकी डॉक्टर वॉल्टर फ्रीमनच्या १९४६ च्या पद्धतीत काहीच काढत नसत. पापणीखालून, डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या पातळ हाडातून टोकदार हत्यार हातोडीने आत ठोकायचं आणि फिरवून मेंदूच्या पुढच्या भागाचे जोड तोडायचे. म्हणून लोबोटॉमीच ठेवावं, किंवा ‘मेंदूतले जोड तोडणं’ असं लिहावं.

उत्तर ४: ‘सेशन’ तसंच राहू द्यावं. ‘सत्र’ म्हटलं की कॉलेज किंवा कोर्ट आठवतं, ‘बैठक’ म्हटलं की गाणं.

सगळ्यात नाजूक जागा आहे टेपवरचे आवाज. इंग्रजीत ‘मी बघतो’ आणि ‘मी बघते’ यांत फरक नाही. मराठीत क्रियापद लिंग सांगतं, त्यामुळे दर ओळीला निर्णय घ्यावा लागतो. प्रिन्सेस जिभेत राहते, कारण ती सतत बोलते. बिली डोळ्यांत राहतो, कारण त्याला सगळं दिसतं. आवाज मेरीच्याच गळ्यातून येतोय म्हणून बिलीच्या तोंडी ‘बघते’ घातलं तर बिली उरतच नाही. तिथे ‘मी सगळं बघतो’ असंच हवं. सायमनलाही पुल्लिंगच, आणि त्याच्यासाठी ‘अंगात आला’ कटाक्षाने टाळा. अंगात येणारं बाहेरून येतं, आणि सायमन बाहेरचा की आतला, हे चित्रपट मुद्दाम सांगत नाही. ‘सायमन बोलतोय’ पुरे.