पायडल फिरतंय, चाक ढिम्म : ओउलूत उणे 18 मध्ये सायकल

तंतुवाद्य
नमस्कार मंडळी. मी मिरजेचा, ऑगस्टपासून फिनलंडमध्ये ओउलूला शिकायला आलोय. इथे लोक बारा महिने सायकल चालवतात, म्हणून मीही सप्टेंबरात एक जुनी सात गिअरची घेतली. डिसेंबरपर्यंत निभावलं.

गेल्या रविवारी सायकल राडीनं फार बरबटली होती. रविवारी सायकल धुवायची ही आमच्या बाबांची शिस्त, ती अंगात मुरलेली. खोलीवर नेली, बाथरूममध्ये गरम पाण्याच्या शॉवरखाली लख्ख धुतली, फडक्यानं पुसली आणि रात्री खाली स्टँडला लावली. सोमवारी सकाळी उणे 18. पायडल मारलं तर पाय नुसता गरगर फिरला. चेन फिरते, मागची चक्री फिरते, चाक जागचं हलत नाही. शेवटी बसनं गेलो. दुपारी सायकल खोलीवर आणली, तर तासाभरात आपोआप ठीक! मंगळवारी सकाळी पुन्हा तेच.

फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारा, मागच्या चक्रीतला भाग) नवीन घालावं लागेल का? टायर साधेच आहेत, दोनदा आपटलोय. खिसा विद्यार्थ्याचा आहे. आधी कशावर खर्च करू? जाणकारांनी सांगावं.

निफाडची_थंडी
आमच्याकडे पारा 5 वर आला की सायकल सोडा, आम्ही गोधडीच सोडत नाही. दंडवत घ्या.

वऱ्हाडी_ठेचा
बाप्पा, गरम पाण्याचा शॉवर! तुझ्या बाबांची शिस्त मिरजेत ठेव. :)

फ्रीव्हील चांगलं आहे, पैसे वाचव. त्याच्या आत स्प्रिंगवर बसलेली दोन-तीन छोटी कुत्री, म्हणजे लोखंडी खिट्ट्या असतात. पायडल मारलं की ती दातऱ्यात अडकतात आणि चाक ओढतात. तू आत पाणी घातलंस आणि जुनं ग्रीस तर थंडीत मेणासारखं होतंच. कुत्री दाबलेली तशीच गोठली, उघडलीच नाहीत. खोलीत वितळली की पुन्हा काम करतात, बाहेर नेली की पुन्हा गोठतात.

आता असं कर. सायकल एकदाच आत आण आणि रात्रभर पूर्ण वाळू दे. मग आडवी टाक. चक्रीचा फिरणारा भाग आणि आतला स्थिर भाग यांच्यामध्ये एक बारीक फट दिसेल. त्या फटीत पातळ तेल थेंबथेंब सोड आणि पायडल उलटं फिरवत राहा. आधी काळं, चिकट पाणी बाहेर येईल. ते पुस, पुन्हा तेल सोड. स्वच्छ तेल येईपर्यंत हेच. या वेळी कान देऊन ऐक. चांगलं फ्रीव्हील उलटं फिरताना कटकट कटकट वाजतं. गोठलेलं गप्प असतं. रोज सकाळी बसायच्या आधी मी पायडलला एक उलटा फेरा देते. कटकट ऐकू आली तरच टांग टाकायची.

त्यानंतर सायकल घरात आणायची नाही. थंड लोखंड उबेत आलं की दमट काचेसारखा घाम सुटतो, तो केबलच्या नळीत, कुलपात उतरतो आणि बाहेर गेल्यावर गोठतो. सायकल थंड शेडमध्ये ठेव आणि थंडच राहू दे.

आता टायर. माझा हा ओउलूतला नववा हिवाळा, आणि मनगट मोडलं ते उणे 25 मध्ये नाही, नोव्हेंबरात अधिक 1 असताना, बोगद्याच्या उतारावर. कडक थंडीत दाबलेला बर्फ कोरडा असतो, टायर बऱ्यापैकी धरतं. शून्याच्या आसपास वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फावर मात्र साधं टायर म्हणजे साबणावर पाय. तेव्हा पहिले पैसे खिळ्यांच्या टायरला. 106 खिळ्यांचं मिळतं, 240 चंही मिळतं. इथे रस्त्यावरचा बर्फ खरवडून वर खडी टाकतात, त्यामुळे माझं 106 वर भागलं. दोन्ही चाकांना परवडत नसतील तर एकच घे, आणि ते पुढे लाव. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस जमिनीवर. नवीन टायरवर पहिले 40-50 किलोमीटर डांबरावर सावकाश चालव, जोरात ब्रेक नको, म्हणजे खिळे नीट बसतात. आवाज कढईत मोहरी तडतडल्यासारखा येतो, सवय होईल.

हवा बाहेर, थंडीतच तपास. खोलीत 20 अंशांना 4 बार भरलीस तर उणे 10 मध्ये ती साडेतीनच्या आसपास येते. बर्फावर थोडी कमी हवा बरीच, पण टायरच्या कडेवर लिहिलेल्या किमान आकड्याखाली जाऊ नकोस.

दिव्यांबद्दल वेगळं सांगायला नको. डिसेंबरअखेर साडेदहाला उजाडतं आणि दोनला मावळतं, हे तू बघतोच आहेस. बॅटरीचा दिवा मात्र खिशातून ने, आणि आत आल्यावर तो कोमट होऊ दे, मगच चार्जिंगला लाव. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली की खराब होते.

हातांसाठी महागडे हातमोजे घेऊ नकोस. हँडलवर चढवायचे मफ, म्हणजे हात आत घालायच्या जाड पिशव्या मिळतात. मी पहिल्या वर्षी नवऱ्याच्या जुन्या जॅकेटच्या बाह्या कापून शिवले होते. दिसायला भयंकर, पण आत हात पातळ मोज्यातही गरम.

ईसारकाठी
ताईंना अनुमोदन. म्युनिकमध्ये आमचा वैरी वेगळा : मीठ. इथे मोटारींना खिळ्यांचे टायर बंद, सायकलला चालतात, पण मिठानं एका हिवाळ्यात चेन गंजून लालभडक होते. मी नोव्हेंबरात स्वस्तातली चेन चढवतो, दर आठवड्याला पुसून पावसाळी घट्ट तेल लावतो आणि मार्चमध्ये फेकून देतो.

वाटेत फ्रीव्हील गेलं तर एक जुगाड : मागची मोठी चक्री प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आऱ्यांना दोन-तीन ठिकाणी करकचून बांधायची आणि त्याच चक्रीवर हळू घरी यायचं. पाय थांबवायचे नाहीत, नाहीतर चेन लोंबून गिअरमध्ये अडकेल. घरी पोचण्यापुरतंच.

तंतुवाद्य
ताई, शनिवारी तेलाचा कार्यक्रम केला. आधी जे काळं निघालं ते बघून मलाच लाज वाटली. आज सकाळी उणे 21. शेडमध्ये अंधारात उकिडवा बसून पायडल उलटं फिरवलं. कटकट आली! कॉलेजपर्यंत एकदाही चाक सुटलं नाही. पुढच्या टायरची ऑर्डर दिलीय, 106 वालंच.

फक्त कुलूप उघडायला दहा मिनिटं लागली. तेही मीच शॉवरखाली धुतलं होतं.

वऱ्हाडी_ठेचा
किल्ली मुठीत गरम करून घाल, जोर लावू नकोस, आत तुटेल. वाळलं की थोडं ग्राफाइट सोड. आणि बाबांना फोनवर सांग, धुणं आता एप्रिलमध्ये.