मदत हवी आहे: रॅटच्या हाडात ट्रॅप स्टेन उठतच नाही

एम.फार्म. प्रोजेक्ट, नाशिक. अंडाशय काढलेल्या रॅटमधली हाडांची झीज बघायची आहे. फीमर (मांडीचे हाड) 10% फॉर्मॅलिनमध्ये 5 दिवस; डिकॅल्सिफिकेशन (हाडातले कॅल्शियम काढणे) आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले हाड) बाहेरच्या पॅथॉलॉजी लॅबकडून. सेक्शन 5 मायक्रॉन. एच अँड ई (पेशींचा आकार दाखवणारा नेहमीचा रंग) उत्तम. ट्रॅपला (हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींमधल्या एन्झाइमचा रंग) लाल ठिपकासुद्धा नाही. किट नवे आहे. ऑस्टिओक्लास्ट मोजू कसे?

प्रतिसाद १
लॅबने कुठले ॲसिड वापरले ते आधी विचारा. बायोप्सीचा रिपोर्ट लवकर द्यायचा असतो, म्हणून नायट्रिक किंवा फॉर्मिक सर्रास चालते. पेशींचा आकार टिकतो, त्यामुळे एच अँड ई छान दिसतो. एन्झाइम मात्र मरते. ट्रॅप हा एन्झाइमच्या क्रियेवर उठणारा रंग आहे, तेव्हा किट बदलून काही होणार नाही. शिवाय 5 दिवस फॉर्मॅलिन म्हणजे अतिच.

पुढच्या हाडांना: स्नायू खरवडून काढा, 4% पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये 4 अंशांवर 24 ते 48 तास, मग ॲसिडऐवजी 10% ईडीटीए (कॅल्शियम हळूहळू ओढून घेणारे रसायन), पीएच 7.4. लिटरला डायसोडियम ईडीटीए 100 ग्रॅम. ते नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड थोडे थोडे घालत जा (एकूण साधारण 10 ते 12 ग्रॅम), पीएच चढला की पाणी निवळते. पाणी डिस्टिल्डच घ्या. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम ईडीटीए आधीच गिळून बसते.

द्रावण हाडाच्या किमान 20 पट, दर 2-3 दिवसांनी नवे, रॉकरवर (बाटली हलवत ठेवणारे यंत्र). मोठ्या रॅटच्या फीमरला 4 ते 6 आठवडे धरून चाला. गुडघ्याकडचे टोक कापून तेवढेच टाकलेत तर लवकर होते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या खोलीत बाटली ठेवली तर आणखी रेंगाळते, कॅलेंडर बघून ठरवू नका. कॅल्शियम उरले का ते एक्स-रे काढून बघा. सुई टोचून बघणे नकोच, त्या भोकांच्या खुणा सेक्शनमध्ये दिसतात.

प्रतिसाद २
वरच्याला पुस्ती. स्लाइड 60 अंशांच्या ओव्हनमध्ये तासन्‌तास ठेवू नका, 37 अंशांवर रात्रभर पुरे. फास्ट रेड व्हायोलेटचा (ट्रॅपचा लाल) रंग अल्कोहोल-झायलीनमध्ये धुऊन जातो, म्हणून माउंटिंग पाण्यात मिसळणाऱ्या माध्यमात. आणि दर बॅचला कंट्रोल हवाच: लहान रॅटच्या ग्रोथ प्लेटखालचा (हाड वाढते त्या कूर्चेच्या पट्टीखालचा) भाग. तिथे ऑस्टिओक्लास्ट भरपूर असतात. तिथेही लाल नसेल तर दोष रंगाचा, हाडाचा नव्हे.

धागाकर्ता
लॅबला विचारले, नायट्रिकच होते. जुने 12 ब्लॉक फेकायचे का?

प्रतिसाद १
फेकू नका. ट्रॅप परत येणार नाही, पण कॅथेप्सिन के (ऑस्टिओक्लास्टमधले प्रथिन) ची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडी चिकटवून प्रथिन दाखवणे) करून बघा. तिला एन्झाइम जिवंत असावे लागत नाही. नायट्रिकने अँटिजेनलाही (अँटिबॉडी चिकटते तो भाग) मार बसतो, म्हणून आधी एकाच ब्लॉकवर. अँटिजेन रिट्रीव्हल (तो भाग पुन्हा उघडा करणे) उकळून केलेत तर हाडाचे सेक्शन स्लाइडवरून सुटून तरंगतात. सिट्रेट बफरमध्ये 60 अंशांवर रात्रभर, स्लाइड चार्ज्ड (सेक्शन धरून ठेवणारी). मोजणी ग्रोथ प्लेटपासून ठरावीक अंतर सोडून ट्रॅबेक्युलर (आतल्या जाळीदार) भागात, हाडाच्या पृष्ठभागाच्या दर मिलिमीटरला किती अशी द्या. नुसती 'फील्डमागे किती' ही संख्या इथे फसवी: झीज झालेल्या हाडात मोजायला पृष्ठभागच कमी उरलेला असतो.