मदत हवी आहे: न उडणाऱ्या दोन कबुतरांसाठी कायमचं घर

नमस्कार मंडळी. संक्रांतीत मांज्यात अडकलेली दोन कबुतरं आमच्याकडे आहेत, पुण्यात. नायलॉन मांज्यावर २०१७ पासून देशभर बंदी, पण झाडांवर लोंबतोय तो लोंबतोयच! एकाचा पंख डॉक्टरांना कापावा लागला, दुसऱ्याचा सांधा आखडलाय. जखमा भरल्या, पण दोघंही आता उडणार नाहीत. 'सोडून दे की' म्हणणाऱ्यांना काय सांगू, मांजर दहा मिनिटांत फडशा पाडेल.

सध्या बाल्कनीत पिंजरा आहे. सासूबाईंना दमा आहे, आणि विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाला सूज येऊ शकते, त्यामुळे इथे ठेवणं शक्य नाही. मी स्वतः मास्क लावून, विष्ठा ओली करूनच साफ करते.

कुणाकडे गच्चीवर किंवा शेतावर जाळीची बंद, हवेशीर खोली आहे का? आधीची कबुतरं असतील तर उत्तम, पण आजार पसरू नये म्हणून ही दोघं महिनाभर त्यांच्यापासून वेगळी ठेवावी लागतील. खाणं साधं: ज्वारी, बाजरी, मका, मसूर, पचनासाठी थोडी बारीक खडी. बसायला फळ्या मात्र खालीच हव्यात. जोडी जमलीये, त्यामुळे अंडी दिसली की ती काढून खोटी ठेवायची, नाहीतर पसारा वाढतो.

खाण्याचा खर्च मी देईन. आणि अशी जाळी स्वतः बांधली असेल तर उंदीर कसे रोखलेत, तेही सांगा.